सुन्न व्हायला लागणारा वेळ

पंडित मास्तरने मला ओळखलं तेव्हा मी त्याच्या पायाकडे पाहत होते. उजव्या पायाची तीन बोटं काळी पडून सुकली होती आणि त्या काळेपणाची कड पावलावर चढत चालली होती, घराच्या पायातली ओल भिंतीवर चढते तशी. साखरेने त्याचं अर्धं पाऊल खाल्लं होतं. ते अर्धं दुसऱ्या दिवशी सकाळी कापायचं होतं, आणि कापण्याआधीचा कागद त्याला वाचून दाखवणं हे माझं काम होतं.

"दगाची पोर ना तू?" कानातलं यंत्र बोटाने दाबत तो म्हणाला. "नाक बापाचंच आहे."

मी कागद पुढे सरकवला. "आपलं पूर्ण नाव सांगा."

"अकरा वर्षं एका गल्लीत राहतो आपण. तुला माझं नाव माहीत नाही?"

"माहीत आहे. तरी विचारावं लागतं."

त्याच्या मागे त्याचा मुलगा शुभम उभा होता, फोनवर कुणाशी तरी गुजरातीत बोलत. तो बापाकडे पाहत नव्हता आणि पायाकडे तर नाहीच.

लिंबायतच्या या ट्रस्टच्या रुग्णालयात मी दोन वर्षं हे काम करते आहे. येणाऱ्यांपैकी निम्मे लोक जळगाव, धुळे, बुलढाणा, जालना इकडचे. कागद मात्र गुजराती आणि इंग्रजी. एम.ए. मराठीचा या शहरात मला झालेला उपयोग एवढाच, की त्या कागदांचं मराठी मी केलं. सर्वांत अवघड गेला तो भूल देण्याचा कागद. भूल म्हटलं की माणसं विचारतात, जाग येईल ना. ज्याला फक्त कमरेखाली औषध द्यायचं आहे, ज्याने सगळा वेळ जागं राहून छताकडे पाहायचं आहे, त्याच्यासाठी तो शब्द खोटा होता. म्हणून मी 'बधिर करण्यात येईल' असं लिहिलं. आठवडाभरात यंत्रमागांवर आयुष्य काढलेल्या तीन म्हाताऱ्या कारीगरांनी तोच विनोद केला, की बाई, बधिर तर आम्हाला सांच्यांनी कधीचंच फुकटात करून ठेवलंय. मग मी 'सुन्न' लिहिलं आणि ते टिकलं.

भुलेच्या डॉक्टर नायक यांनी आणखी एक वाक्य घालायला सांगितलं होतं: औषध दिल्यापासून सुन्न होईपर्यंत काही मिनिटे जातात, तोवर थांबण्यात येईल. ते मी गाळलं. ते घेतलं की सहीची जागा दुसऱ्या पानावर जात होती, आणि दुसरं पान उलटताना लोक घाबरतात हे मी पाहिलं होतं. शिवाय क्रियापद एकदा लिहिलं की त्यात सगळं आलं, असं मला तेव्हा वाटत होतं.

मी वाचायला लागले. "आपल्या कमरेच्या मणक्यात सुई देऊन कमरेखालचा भाग सुन्न करण्यात येईल. आपण जागे असाल. स्पर्श किंवा ओढ जाणवू शकेल. वेदना जाणवणार नाही."

"दुसरं कोणी नाही का वाचायला?" त्याने शुभमला विचारलं.

शुभमने फोन खाली घेतला. "पप्पा, जे आहे ते ऐका ना."

"मला हिच्या तोंडून ऐकायचं नाही. ही मनातल्या मनात दुसरंच वाचते आहे."

त्याचं म्हणणं बरोबर होतं. मनातल्या मनात मी एक जुना कागद वाचत होते, जो कुणी कधी लिहिलाच नव्हता.

अकरा वर्षांपूर्वी माझ्या वडिलांची डाव्या हाताची दोन बोटं सांच्याच्या पट्ट्यात गेली. तेव्हा मी चौदा वर्षांची होते. नवागामजवळच्या एका खात्यात, म्हणजे यंत्रमागांच्या कारखान्यात, सव्वाशे सांचे एकाच छताखाली चालायचे आणि पंडित तिथला मास्तर होता. कारीगरांना कामावर घेणं, सांचे दुरुस्त करणं, पाळी अडू न देणं हे त्याच्या हातात. जखमी माणसाला दवाखान्यात मास्तरनेच न्यायचं, अशी पद्धत होती. डॉक्टरशी बोलायचं तेही त्यानेच. कारीगराला विचारत बसण्यात कुणाला अर्थ वाटत नसे. बहुतेकांना ऐकूच कमी यायचं.

त्या दिवशी दवाखान्यातल्या टेबलावर काय झालं, याच्या दोन कहाण्या आमच्या गल्लीत इतकी वर्षं समोरासमोर राहत आल्या. माझी आई सांगायची, की सुन्न न करता शिवलं, जनावरासारखं. पंडितची बायको नळावर सर्वांसमोर सांगायची, की सुई दिली होती, यांनी स्वतः डोळ्यांनी पाहिली, उपकाराची जाण नाही या लोकांना. आईने एकदा तिच्या अंगावर भरलेली घागर ओतली. त्यानंतर दोन्ही घरांनी एकमेकांशी बोलणं सोडलं, आणि गल्लीने दोन्ही बाजूंचं ऐकून घेणं सोडलं नाही.

वडिलांची स्वतःची कहाणी मात्र छोटी होती आणि ती त्यांनी एकदाच सांगितली. ती कळायला खात्यातली भाषा माहीत हवी. सव्वाशे सांच्यांच्या आवाजात तोंडाचा उपयोग नसतो, म्हणून तिथे लोक हातांनी बोलतात. मूठ मिटली की बंद. पंजा उघडून हलवला की चालू. हवेत बोट गोल फिरवलं की सुताची तार तुटली. दोन बोटं कपाळाला लावली की मास्तर येतोय. वडिलांचे कान जसजसे जात राहिले तसतशी आमच्या घरातली वाक्यंही हातांत उतरली. जेवायला चला, वीज गेली, पोरीला ताप आहे, सगळं. मला ती भाषा कुणी शिकवली नाही, जशी तोंडाचीही कुणी शिकवली नव्हती.

तर त्या दिवशी डॉक्टरने विचारलं, झालं का सुन्न. वडिलांना ऐकू आलं नाही, पण डॉक्टरची चिमटी आणि भुवया पाहून प्रश्न समजला. त्यांनी शाबूत असलेला उजवा हात वर केला आणि पंजा उघडून हलवला. चालू. अजून चालू आहे. त्या खोलीत ती खूण समजणारा एकच माणूस होता. त्याने पंजाकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, आणि डॉक्टरला सांगितलं, "झालं, घ्या."

पंडित माझ्याकडे पाहत होता. कदाचित त्यालाही माझ्या तोंडावर तोच कागद दिसत असावा.

"सुई दिली होती तुझ्या बापाला," तो म्हणाला. "मी शेजारी होतो. लिहून देऊ का? त्यावर करतो सही."

"या कागदावर करा."

"शिकल्याने माणूस नरम होतो म्हणतात. तू तर आईच्याही वर गेलीस."

"इथे करा. आणि शुभम, साक्षीदार म्हणून खाली तुम्ही."

त्याने सही केली. पेन टेबलावर न ठेवता जमिनीवर टाकलं. मी वाकून उचललं, आणि वाकल्यावर त्याचं पाऊल माझ्या चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर आलं. त्या वासाने मला, का कोण जाणे, क्षणभर बरं वाटलं.

अडचण दुपारी उघड झाली. डॉक्टर नायक त्याला तपासून गेल्या होत्या. ऑपरेशनच्या खोलीत कानातलं यंत्र, चष्मा, कवळी यांपैकी काही नेता येत नाही, आणि यंत्राशिवाय पंडितला घंटाही ऐकू येत नव्हती. एरवी तो समोरच्याचे ओठ वाचायचा. तिथे सगळे ओठ झाकलेले असणार. मणक्यातल्या औषधाचं काम नीट झालं की नाही, हे त्याच्या उत्तरावरूनच ठरणार होतं. घरी कसं बोलता, असं त्यांनी शुभमला विचारलं. तो म्हणाला, घरी मम्मी हाताने काहीतरी करते, खात्यातलं असतं ते, मला नाही येत. मम्मी गावी होती. मग कुणीतरी माझं नाव सांगितलं, हिचे वडीलही खात्यातलेच म्हणून.

नकार देता आला असता. त्यांनी तशी मोकळीक दिली होती. मी म्हणाले, येते.

*

सकाळी निघताना वडिलांना सांगितलं. सांगायचं ठरवलं नव्हतं. ते पर्वत पाटियाच्या बाजारात साड्यांना घड्या घालायला जातात. तीन बोटांच्या हाताने कापड सरळ धरता येतं, तुटलेल्या तारेला गाठ मारता येत नाही. दाराशी चपला घालताना ते थांबले. आई भिंतीला टेकून कुणाच्या तरी लग्नाच्या साडीवर खडे चिकटवत होती. तिचा हात थांबला नाही, पण गोंदाची नळी एकाच जागी जास्त वेळ टेकून राहिली.

मी सगळं सांगितलं. पाय, कागद, यंत्र, माझं आत जाणं. अर्धं तोंडाने, अर्धं हातांनी.

वडिलांना समजायला वेळ लागला नाही. ते माझ्याजवळ आले आणि कमी ऐकू येणारी माणसं बोलतात तसं, गरजेपेक्षा मोठ्याने बोलले. "त्यानी मनासाठे हा सांगं. आते तू त्यानासाठे हा सांग."

"अण्णा, त्याच्यासाठी मी हो कसं सांगू? ती माझी नोकरी आहे."

"त्यानी बी नोकरीच व्हती."

आई म्हणाली, की पोरीला पापात ढकलू नका. पण तिने ते साडीकडे पाहत म्हटलं, आणि तिच्या आवाजात ढकलण्याची भीती कमी आणि उशीर होईल याची काळजी जास्त होती, असा मला भास झाला. वडील जाताना दारातून वळले नाहीत. रिक्षात बसेपर्यंत मला कळलं होतं, की संध्याकाळी या घरात मला एकच प्रश्न विचारला जाईल आणि त्याची दोनच उत्तरं आहेत.

ऑपरेशनच्या खोलीत पंडित लहान झाला होता. कवळी नसल्याने गाल आत गेले होते. हिरव्या कपड्यांतली, तोंडं नसलेली माणसं त्याच्याभोवती फिरत होती, आणि तो एकामागून एक प्रत्येकाच्या डोळ्यांकडे पाहत होता. कुणाच्याच डोळ्यांत त्याला वाचता येईल असं काही नव्हतं. मग त्याला मी दिसले. माझंही तोंड झाकलेलं होतं, पण मी हात वर केला आणि त्याने मला हातावरून ओळखलं.

मी खुणेने सांगितलं: वाक. हलू नको. त्याने ऐकलं. ज्याच्या एका बोटावर सव्वाशे सांचे थांबत त्या माणसाने माझ्या हाताचं ऐकलं. सुई गेली तेव्हा त्याने डोळे मिटले. मग त्याला आडवं केलं, छातीशी पडदा धरला, आणि मी त्याच्या डोक्याशी उभी राहिले.

डॉक्टर नायक यांनी स्पिरिटचा बोळा त्याच्या डाव्या मांडीला लावला. "पूछ एने, ठंडुं लागे छे?"

गार लागतंय का, हे विचारायला मी हात पुसल्यासारखा केला आणि भुवया उंचावल्या. त्याने मूठ मिटली. बंद.

बोळा उजवीकडे गेला, ज्या बाजूला कापायचं होतं तिकडे. त्याने पंजा उघडला. बोटं हलवली. खूण स्वच्छ होती. चालू.

पडद्यापलीकडे सर्जन हातमोजे चढवून उभे होते. त्यांची त्या दिवशी अजून चार ऑपरेशनं होती. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. मीही पाहिलं. दहा वाजून बावीस मिनिटं.

"शुं कहे छे?" डॉक्टर नायक यांनी विचारलं.

त्या खोलीत ती खूण समजणारं दुसरं कुणी नव्हतं. मला वाटलं होतं, हा क्षण आला की आत काहीतरी उसळेल, चौदा वर्षांची एक मुलगी दार ढकलून आत येईल. तसं काहीच झालं नाही. मनात इतकी शांतता होती की फरशीवर पडलेला कापूस मला ऐकू आला असता.

"झालं," मी म्हणाले.

शब्द माझ्या तोंडून गेला आणि मला तो ओळखीचा वाटला. आमच्या घरात तो अकरा वर्षं राहत होता.

सर्जनने चिमटा उचलला आणि कापण्याआधी सगळे करतात तशी पावलाच्या जिवंत भागावर एक चिमटी घेतली. पंडितच्या गळ्यातून जो आवाज आला तो माणसाचा वाटला नाही. पट्टा चाकावरून सरकताना सांचा करतो तसा होता. त्याचा पंजा हवेत उघडाच होता. पण तो पडद्याकडे पाहत नव्हता, पायाकडे पाहत नव्हता. मान मागे टाकून तो माझ्याकडे पाहत होता. आणि त्याला कळलं होतं. मी काय सांगितलं ते त्याने ऐकलं नव्हतं, ओठ वाचले नव्हते. तो ते ओळखू शकत होता, कारण ते त्याने स्वतः एकदा सांगितलं होतं.

त्या नजरेत विनवणी असती तर मी काय केलं असतं, मला माहीत नाही. विनवणी नव्हती. ओळख होती, बरोबरीची. एका मास्तरने दुसऱ्याला पाहावं तशी.

ते मला सहन झालं नाही.

"थांबा," मी म्हणाले. "उजवीकडे अजून कळतंय त्याला. मी चुकीचं सांगितलं."

डॉक्टर नायक यांनी सर्जनला हाताने थांबवलं. मग हिंदीत, अगदी हळू, त्यांनी मला विचारलं, "गलत समझा, या गलत बताया?"

"गलत बताया."

त्यांच्या डोळ्यांत जे आलं त्याला राग म्हणता येणार नाही. वापरलेली सुई टाकण्याआधी माणूस तिच्याकडे पाहतो तसं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला लगेच बाहेर काढता आलं असतं, पण त्यांना माझे हात हवे होते. टेबल उजवीकडे कलतं करायला त्यांनी सांगितलं. सर्जन काहीतरी बोलले, पुढच्या पेशंटबद्दल. त्या म्हणाल्या, की हा माणूस सुन्न होईपर्यंत या खोलीत कुणी चाकू उचलणार नाही, मग संध्याकाळ झाली तरी चालेल.

आणि सगळे थांबले.

मी तोवर कधीच पाहिलं नव्हतं, की सुन्न होणं कसं घडतं. मी फक्त त्याचं मराठी केलं होतं. मणक्याच्या पाण्यात सोडलेलं औषध अंधारात हळूहळू पसरत होतं, एकेक धागा शोधत, आणि सहा माणसं हात बांधून त्याची वाट पाहत होती. कुणी काही करत नव्हतं. हे काही न करणं हेच ते क्रियापद होतं. सुई टोचायला दोन सेकंद पुरतात. बाकीचं सगळं थांबणं असतं, आणि कागदावरून मी नेमकं तेवढंच वगळलं होतं, सहीसाठी जागा हवी म्हणून.

दहा चोवीस. बोळा. पंजा उघडा.

दहा सव्वीस. बोळा. पंजा उघडा, पण बोटं आता हलत नव्हती.

अठ्ठावीसला त्याने बराच वेळ विचार केला. बोटं अर्धी आत वळली आणि तशीच राहिली. डॉक्टर नायक यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, "नक्की नाही. थांबा." त्यांनी मान हलवली. तो होकार माझ्यासाठी नव्हता.

दहा एकोणतीसला त्याने मूठ मिटली. सर्जनने चिमटी घेतली. मूठ तशीच राहिली. दुसरी घेतली, अधिक जोरात. मूठ तशीच.

"बंद," मी म्हणाले. त्यांनी सुरुवात केली.

पुढची चाळीस मिनिटं पंडित जागा होता. पडद्यापलीकडे करवत चालली तेव्हा त्याचं सगळं अंग हलकंसं हादरत होतं, पण चेहऱ्यावर काही नव्हतं. थोड्या वेळाने त्याने हात माझ्या दिशेने वळवला आणि अनामिका व करंगळी दुमडून तीन बोटं उभी धरली. खात्यात प्रत्येकाच्या नावाची खूण असते. अपघातानंतर वडील दहा दिवस खात्यात गेले होते, गाठी मारता येतात का बघायला. तेवढ्यात त्यांची खूण बदलली होती. ती ही. त्याने ती एकदा दाखवली, थांबला, पुन्हा दाखवली. पुढे काहीतरी सांगायचं होतं त्याला. क्षमा मागायची होती की हिशोब मिटला म्हणायचं होतं, की दगाने तुला पाठवलं का एवढंच विचारायचं होतं, मला माहीत नाही. नावानंतर माझा हात उठण्याची तो वाट पाहत होता. खात्यात समोरच्याने हात उठवल्याशिवाय बोलणं पुढे जात नाही.

मी दोन्ही हात गाऊनच्या आत घेतले आणि काखेत दाबून धरले.

त्याने तिसऱ्यांदा खूण केली. मग त्याचा हात खाली आला. तिथून शेवटच्या टाक्यापर्यंत त्या खोलीत त्याच्याशी बोलू शकणारं एकही माणूस नव्हतं, आणि तो छताकडे पाहत राहिला. त्याला दुखत नव्हतं. एवढं मी पाहिलं होतं. त्याहून अधिक मी त्याला काही देणं लागत नव्हते.

बाहेर आल्यावर डॉक्टर नायक यांनी मास्क काढला. मी पहिल्यांदा काय सांगितलं ते लिहून द्यायचं, त्या म्हणाल्या, आणि उद्यापासून आत पाऊल टाकायचं नाही. कागद वाचण्याचं काम राहील की नाही ते वरचे ठरवतील. कारण त्यांनी विचारलं नाही. मी लिहून दिलं. दुपारी मराठी कागद उघडला आणि गाळलेलं वाक्य जागेवर घातलं. सही दुसऱ्या पानावर गेली.

*

वडील सहा वाजता आले. चपला काढायच्या आधीच ते दारात उभे राहिले आणि भुवया उंचावून विचारलं. आईने साडी बाजूला ठेवली होती. तिच्या बोटांच्या टोकांना गोंदाचे पापुद्रे आले होते आणि ती ते एकेक करून सोलत होती.

"हो सांगितलं," मी म्हणाले, हातांनीही. "मग नाही म्हणून सांगितलं."

त्यांनी तोंड फिरवलं. शर्टाची बटणं काढत त्यांनी भिंतीला सांगितलं, की शिकलेली पोर शेवटी परक्याचीच होते. आई म्हणाली, निदान एकदा तरी हो सांगितलं ना. त्यावर त्यांनी तिच्याकडे ज्या तुच्छतेने पाहिलं, ती खरं तर माझ्यासाठी होती. मी पाणी दिलं, त्यांनी घेतलं नाही. माझी नोकरी जाईल असं मी सांगितलं तेव्हा त्यांनी ते ऐकलं नाही, किंवा ऐकून घेतलं नाही. त्यांच्याबाबतीत हे मला आजवर वेगळं करता आलेलं नाही.

त्यांनी शर्ट खुंटीला अडकवला. मग वडील पाठमोरेच राहून म्हणाले, "मंग डॉक्टरनी काय करं?"

"थांबल्या."

ते वळले. "कितला येळ?"

"सात मिनिटं."

त्यांना ऐकू आलं नसावं असं वाटून मी बोटं दाखवली, आधी पाच, मग दोन. त्यांनी माझ्या बोटांकडे पाहिलं. मग भिंतीवरच्या घड्याळाकडे, जसं कुणीतरी एकदा पाहिलं होतं. त्यांचे ओठ हलत होते. सेकंद काटा एक फेरी पुरी करून वर आला तरी ते पाहतच होते, आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं, की सुई दिली होती हे वडिलांनी कधीच नाकारलं नव्हतं. ते आईने नाकारलं होतं, मी नाकारलं होतं. त्यांनी फक्त पंजा उघडून दाखवला होता.

"सात मिन्टं," ते म्हणाले, आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज खोलीपुरता होता. "माले एक बी दिनं नही."

आईने हात पुढे केला. त्यांनी तो झटकला. मी एक पाऊल पुढे गेले तेव्हा त्यांनी डावा हात छातीसमोर धरला, मला थांबवायला असावा असं वाटलं. मग तो हात वर आला. तीन बोटं आणि दोन खुंट, जितकी उघडता येतात तितकी उघडून त्यांनी पंजा हलवला, एकदा, दोनदा, आणि माझ्याकडे पाहत तो तसाच वर धरून ठेवला.